नांदेडहून आणलेला शेवट

लातुरात गोलाईच्या मागं एक अरुंद गल्ली होती आणि त्या गल्लीत गुरुलिंगअप्पा राहायचे. धंदा जनावरांच्या बाजारातल्या दलालीचा. दलाल म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि बऱ्याचदा त्या पडायला कारणही असतं. अप्पांचं मात्र उलटं होतं. उदगीर म्हणा, देवणी म्हणा, बाजार कुठलाही असो, खांद्यावरच्या उपरण्याखाली ते आधी विकणाऱ्याचा हात धरत, मग घेणाऱ्याचा, आणि इकडं बोटांनी सांगितलेला भाव तिकडं जसाच्या तसा पोचवत. त्यात स्वतःचा मीठमसाला काही नाही. बैल मारका असला तर मारका म्हणून सांगून टाकत. त्यामुळं नाव मोठं आणि कमाई बेताची, अशी त्यांची अवस्था होती. भामाबाई, म्हणजे त्यांची बायको, कधी कधी म्हणत, "थोडं खोटं शिकला असता तर माडी बांधून झाली असती." पण त्या ते कौतुकानंच म्हणत, हे अप्पांना कळत होतं.

इतक्या सरळ माणसाला एक खोड असायचीच. अप्पांची खोड अशी, की जगातला कुठलाही माणूस आपल्याला त्याच्या हातावरून वाचता येतो असा त्यांचा ठाम समज होता. माणूस कानडी बोलो, तेलुगू बोलो, नाहीतर मुका असो. "तोंड काय, कायबी बोलतंय," ते म्हणत, "हात बगा."

ही खोड बाजारापुरती होती तोवर ठीक होतं. पण लातूरचा जिल्हा झाला आणि सगळंच बदललं. जिल्हा झाल्यावर कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, इस्त्रीच्या पँटी घातलेले साहेब आले. लातूरकरांची चालही बदलली. कालपर्यंत उस्मानाबादेला खेटे घालणारी माणसं आता बाहेरगावच्या पाहुण्याला "आमच्या जिल्ह्याला या कधीतरी" असं आमंत्रण देऊ लागली. पाणी तेवढं तालुक्याचंच राहिलं. त्यात लागोपाठ पाऊस दगा देऊ लागला, नळ कोरडे पडले आणि गल्लीच्या तोंडाशी टँकर येऊ लागला. बाजारात विकणारे शंभर आणि घेणारा एक नाही, अशी गत झाली. अप्पांचं उपरणं नुसतंच खांद्यावर राहू लागलं.

अशा रिकाम्या दिवसांत शेजारच्या ईश्वरप्पांनी टीव्ही आणला. ईश्वरप्पा तेलाचे व्यापारी. जिल्ह्याच्या गावात राहून टीव्ही नाही म्हणजे कसं दिसतं, असं त्यांना वाटलं. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर अख्खी गल्ली जमायची. तेव्हा एक परदेशी मालिका लागायची, तीही जुनी, तिकडच्यांनी बघून सोडून दिलेली. एक जहाज आभाळातून चाललेलं असायचं आणि त्यातली माणसं अंगाला चिकटलेले झबल्यासारखे सदरे घालून दर आठवड्याला नव्या ग्रहावर जाऊन भांडण ओढवून घ्यायची. भाषा सगळी इंग्रजी. ईश्वरप्पांची सून उमाबाई मॅट्रिक झालेली होती, ती मधून मधून एखादं वाक्य सांगायची. बाकीचं सांगायला अप्पा होते.

"आता कप्तान सौद्याला बसला," अप्पा म्हणत. "हा हिरवा माणूस वरवर न्हाई म्हणून राहिला, पण अंगठा बगा त्याचा. मिटलाय. हा भावात येतोय खाली."

आणि तो हिरवा माणूस खरंच खाली यायचा. चारात तीनदा तरी अप्पांचं खरं निघायचं, आणि चौथ्यांदा ते म्हणायचे की त्या नटाला काम जमलं नाही.

अप्पांबद्दल गल्ली आणखी एका गोष्टीवरून हसायची. टँकरच्या रांगेत बायांच्या मधोमध हा एकटा बाप्या घागर घेऊन उभा असायचा. टँकर तर आत्ताचा, पण अप्पा त्याच्या कितीतरी आधीपासून प्यायचं पाणी स्वतः भरत. वापरायचं पाणी भामाबाई आणत, प्यायचं मात्र अप्पा. बाजारात त्यांना कुणी "पाणक्या अप्पा" म्हणायचं, कुणी बायकोचा गुलाम. अप्पा हसून सोडून द्यायचे.

कारण दोघांनाच माहीत होतं, आणि दोघं त्यावर बोलत नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात गल्लीतला आड आटला तेव्हा भामाबाई लांबच्या एका विहिरीवरून पाणी आणायच्या. त्यांची एकुलती एक पोर सिद्धम्मा, घरातली सिद्दू, नुकतीच बोबडं बोलायला लागली होती. ते पाणी पिऊन तिला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. पाणी भामाबाईंनी आणलं होतं, आणि पोरीच्या तोंडाला फुलपात्रही त्यांनीच लावलं होतं. पुढं मूल झालं नाही. महिनाभरानं त्या अप्पांना एवढंच म्हणाल्या, "पिण्याचं तुम्ही आणत जा." अप्पांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी घागर उचलली. आपण फार समजूतदारपणा दाखवला असंच त्यांना वाटत राहिलं.

एका रविवारी त्या मालिकेत जहाज चुकून मागच्या काळात गेलं.

"मागच्या म्हणजे कुठं?" धोंडाबाईंनी विचारलं. धोंडाबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात पुढं बसणाऱ्या.

"म्हणजे होऊन गेलेल्या दिवसात, आजी," उमाबाई म्हणाली. "जसं आपण आत्ता उठून बहात्तर सालात जावं तसं."

"तिकडं कशाला मरायला जायचं?" धोंडाबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

जहाज हाकणारा एक तरणा पोरगा होता. ते ज्या दिवसात जाऊन पोचले तो दिवस त्याच्याच लहानपणातला निघाला. त्या दिवशी त्यानं खेळायला जाताना घराला बाहेरून कडी घातली होती आणि आत त्याची धाकटी बहीण झोपलेली होती. मागून गावाला आग लागली आणि ती आतच राहिली. उमाबाईनं एवढं कसंबसं जुळवून सांगितलं. आता तोच पोरगा, मोठा झालेला, त्या दारापुढं उभा होता. आग अजून लांब होती. मागून कप्तान ओरडत धावत येत होता.

"काय म्हणतोय तो?"

"कडी काढू नको म्हणतोय," उमाबाई म्हणाली. "काढली तर पुढचं सगळं बदलंल म्हणं."

पोरानं कडीवर हात ठेवला. अप्पा त्याचा हात निरखत होते. तेवढ्यात त्यांची नजर बायांच्या बाजूला गेली. सगळ्या बसलेल्या होत्या आणि भामाबाई एकट्याच उभ्या राहिल्या होत्या. खांबाला धरलेल्या त्यांच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. अप्पा टीव्हीकडं बघायचं विसरले.

आणि लाईट गेली.

लाईट आली तेव्हा टीव्हीवर एक माणूस कोबीवरच्या किडीची माहिती देत होता.

एरवी लोक उठून घरी गेले असते. पण त्या गल्लीत श्रावणात पोथी लागायची आणि पोथीचा एक नियम होता: अध्याय अर्धा सोडायचा नाही. काही होवो, सुरू केलेला अध्याय संपवूनच उठायचं. एकदा वाचता वाचता बुवांना उचकी लागली ती थांबेना, तर शेजारच्यानं पोथी ओढून घेऊन ओवी पुरी केली होती. एकदा ओसरीत साप निघाला, तेव्हा ऐकणारे सगळे पळाले, पण वाचणारा तुळईला लोंबकळून वाचत राहिला, असं सांगतात. आता नियम पोथीचा आहे, टीव्हीचा नाही, हे कुणाला सुचायला हवं होतं. पण ओसरी तीच, बसणारी माणसं तीच, बसायच्या जागासुद्धा त्याच. धोंडाबाईंनी जाहीर केलं, "अध्याय अर्धा राहिला. हे बरं न्हाई झालं."

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. झालं. आधीच्या सोमवारीही तो आला नव्हता, ही गोष्ट कुणी काढली नाही. तिसऱ्या दिवशी आला तर त्याचं तोंड गळत होतं आणि निम्मं पाणी रस्त्यावर गेलं. गल्लीची खात्रीच पटली. पुढच्या रविवारी सगळे वेळेआधी जमले, पण त्या दिवशी जहाज भलत्याच ग्रहावर होतं आणि तो पोरगा मजेत शिट्टी वाजवत बसला होता. आदल्या आठवड्यातलं कुणी काही बोलायला तयार नाही.

मग गल्लीनं आपापले शेवट लावून पाहिले. ईश्वरप्पा व्यापारी माणूस, ते म्हणाले, पोरगा कडी अर्धी काढील, म्हणजे कप्तानाचंही राहील आणि बहिणीचंही. धोंडाबाईंच्या मते ऐन वेळी पाऊस येऊन आगच विझायला पाहिजे. "पाऊस कुठला आणतीस बये," कुणीतरी म्हणालं, "त्यांच्याकडं तरी हाय का?" लोक अप्पांना विचारायचे, तुम्ही हात बघितला होता ना, मग सांगा. अप्पा म्हणायचे, "सौदा व्हायच्या आधी मी बोलत न्हाई." आणि घागर घेऊन पुढं जायचे.

भामाबाईंनी कुठलाच शेवट सुचवला नाही. त्या भाकरी करपवू लागल्या. एका दुपारी अप्पांना वाढता वाढता म्हणाल्या, "अण्णारावकडं टीव्ही हाय न्हवं?"

"हाय."

"त्याला इंग्रजी येतं."

अण्णाराव हा भामाबाईंचा धाकटा भाऊ, नांदेडच्या एका कॉलेजात शिकवायचा. अप्पांनी पानातलं संपवलं, हात धुतला आणि म्हणाले, "उद्या जाऊन येतो." ईश्वरप्पांनी सुचवलं, ट्रंक कॉल लावा, कशाला धूळ खात जाता. पण हातात हात असल्याशिवाय अप्पांचा कुठल्याच बोलण्यावर विश्वास नव्हता. फोनवर काय, कुणीही काहीही सांगतं.

एसटीनं अहमदपूर, लोहा करत अप्पा नांदेडला पोचले. खिडकीतून बघण्यासारखं काही नव्हतं. रानं उघडीबोडकी, आणि बाभळीखाली उभी जनावरं अप्पांना बघवेनात. नांदेडात गोदावरीचं पात्र डबक्याडबक्यांत उरलं होतं. तरी नदी ती नदी. लातूरच्या माणसाला डबक्याचाही हेवा वाटतो.

"दाजी, तुम्ही?" अण्णाराव दारातच म्हणाला. "काही काम काढलं का?"

"हाव. टीव्हीचं काम हाय," अप्पा म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

अण्णाराव पोट धरधरून हसला. आपल्या बायकोला, पार्वतीबाईला, हाक मारून त्यानं तेच पुन्हा सांगायला लावलं. एवढ्यासाठी नांदेड गाठणारा पाहुणा त्यानं पाहिला नव्हता. मग चहा आला आणि मास्तर लोक सांगतात तसं त्यानं रंगवून सांगितलं. पोरानं कडी काढली. बहीण बाहेर आली, वाचली. पण वळून बघतो तर जहाज नाही, कप्तान नाही. त्याला ओळखणारं जगात कुणी उरलंच नाही, कारण मुळात बहीण आगीत गेली म्हणून तो घर सोडून निघाला होता आणि म्हणून जहाजावर पोचला होता. आता तो हाकायला नाही म्हणून त्या जहाजानं पुढं जी हजारो माणसं वाचवली होती तीही मेली. मग तो पोरगा कसाबसा पुन्हा त्याच दिवसात परतला, आणि या खेपेला मोठ्या झालेल्या त्या पोरानं, सगळं माहीत असून, स्वतःच्या हातानं दाराला कडी घातली. तिथं गोष्ट संपली.

"काय शेवट आहे, दाजी," अण्णाराव म्हणाला. "अंगावर काटा आला."

अप्पांचा चहा तसाच राहिला. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, अण्णारावाचा हात त्याखाली घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जरा खाली येता येत न्हाई का?"

"म्हणजे?"

"म्हणजे पोरगी बी ऱ्हावी, जहाज बी ऱ्हावं. मधलं काहीतरी."

"अहो, ते वीस वर्षांपूर्वी बनवून झालंय. त्यात कोण काय कमी करणार?" अण्णाराव हसला आणि मध्येच थांबला. भाचीचं मरण त्याला माहीत होतं. पाणी कुणी पाजलं हेही, आता आठवलं. "ताईनं विचारलंय का?"

अप्पांनी मान डोलावली.

अण्णारावानं हात सोडवून घेतला नाही. मग म्हणाला, "दाजी, तिला सांगा, कडी काढली आणि पोरगी वाचली. संपलं. नांदेडला येऊन कोण तपासणार आहे?"

परतीच्या एसटीत अप्पांनी तेच ठरवलं. आयुष्यात कुणाचा भाव खोटा सांगितला नाही, पण हा सांगायचा. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला त्याची तालीम करावी लागते, तशी ते ओठातल्या ओठात करत होते. शेजारच्या सीटवरच्या पाहुण्याला वाटलं, म्हातारा जप करतोय. त्यानं पाय आवरून घेतले.

ऊन कलताना ते गल्लीत शिरले तर धोंडाबाईंपासून ईश्वरप्पांपर्यंत सगळे ओट्यांवर टपून बसलेले. "आधी घरी," म्हणून अप्पांनी सगळ्यांना थोपवलं आणि आत जाऊन दार लोटलं.

भामाबाई चुलीपुढून उठल्या.

"काढली," अप्पा म्हणाले. "कडी काढली त्यानं. पोरगी भायेर आली. वाचली."

"मग?"

"मग काय? झालं. समदे आपापल्या घरी गेले."

"आन् जहाज?"

"जहाज हाय की. जहाजाला काय धाड भरलीय?"

भामाबाईंनी त्यांच्या हातांकडं पाहिलं. उपरण्याचं टोक त्या हातांनी पिळून पिळून दोरीसारखं केलं होतं. इतकी वर्षं दलालाच्या घरात काढलेली बाई ती.

"मग तो कप्तान एवढा बोंबलत कशाला होता?" त्या म्हणाल्या. "खरं सांगा. मी ऐकते."

अप्पा खाली बसले आणि त्यांनी खरं सांगितलं, अण्णारावानं सांगितलं तसंच. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण या बाईला आज मारून टाकलं.

भामाबाई त्यांच्यापुढं येऊन बसल्या.

"आत बहीण हाय, हे ठाऊक असताना घातली?"

"हाव."

"आग लागणार, हे बी ठाऊक असताना?"

"हाव."

भामाबाई म्हणाल्या, "मला ठाऊक न्हवतं."

अप्पांना आधी कळलंच नाही.

"त्या हिरीचं पाणी मी आणलं," त्या म्हणाल्या, "पण मला ठाऊक न्हवतं हो."

"न्हवतं," अप्पा म्हणाले. "कुणालाच न्हवतं. मी बी तेच पिलो होतो. समद्या गल्लीनं पिलं. तुझा काहीच गुन्हा न्हवता, भामा."

एवढं एक वाक्य बोलायला या माणसाला बहात्तरपासून आजवरचा काळ आणि नांदेडपर्यंतचा हेलपाटा लागला. परक्या माणसाच्या नुसत्या अंगठ्यावरून त्याचं मन ओळखणारा हा दलाल. घरात रोज भाकरी थापणारा हात काय सांगत होता हे त्याला दिसत होतं, आणि तरी तो तोंड मिटून पाणी भरत राहिला. चांगुलपणाच होता तो. पण मुक्या चांगुलपणानं तिचं ओझं तसूभरही हललं नव्हतं. भामाबाई रडल्या, अगदी हुंदके देऊन, आणि अप्पाही त्यांच्यापुढं बसून रडले. पोर गेली तेव्हा ती दोघं वेगवेगळ्या कोपऱ्यांत रडली होती.

बाहेर धोंडाबाईंना दम निघेना. त्यांनी कडी वाजवली. भामाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि स्वतःच जाऊन दार उघडलं. गल्ली उंबऱ्यापाशी आली होती.

"काय गं, वाचली का पोरगी?" धोंडाबाईंनी विचारलं.

"न्हाई वाचली," भामाबाई म्हणाल्या.

"अरं देवा. भावानं कडी घातली होती त्याच्यापायी?"

"त्याला काय ठाऊक होतं, आजी? पोरगं खेळायला गेलतं ते." त्या उंबऱ्याबाहेर आल्या. "आमची सिद्दू बी तशीच गेली. मी पाजलं ते पाणी. मला ठाऊक न्हवतं."

धोंडाबाई ओट्यावर टेकल्या आणि जरा सरकून त्यांनी शेजारी जागा केली. भामाबाई बसल्या. सिद्दू चालायला कशी उशिरा लागली, आणि लागली ती थेट ईश्वरप्पांच्या तेलाच्या डब्यांत जाऊन कशी आपटली, ते सांगायला त्यांनी सुरुवात केली. ईश्वरप्पा म्हणाले, "हाव, हाव, माझा आख्खा डबा सांडला होता तिनं," आणि भामाबाई हसल्या.